पाणी, ऊन आणि पांढरी भुकटी



पाण्यावर चालणारी मोटार कोणीं तरी तयार केल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनीं वर्तमानपत्रांत झळकते. तिची घराघरांतून चर्चा होते, आणि कांहीं दिवसांनीं ती मोटारहि दिसेनाशी होते व तो संशोधकहि. असें कां व्हावें, याचें कारण सोपें आहे. पाणी हें जळण नव्हे. तें जळून गेलेल्या पदार्थाचें शेष आहे. हायड्रोजन नांवाचा वायु प्राणवायूंत जळला म्हणजे पाणी होतें. अर्थात् पाणी ही हायड्रोजनची राख होय, आणि चुलींतील राख पुन्हां चुलींत घालून कोणाचा भात शिजल्याचें ऐकिवांत नाहीं. त्या राखेचें पुन्हां सरपण करावयाचें असेल, तर जळतेवेळीं जेवढी शक्ति बाहेर पडली, निदान तेवढी कोणीं तरी परत भरली पाहिजे. ही भरपाई सूर्याकडून करून घ्यावी, आणि तीहि विजेच्या तारा व यंत्रें मध्यें न आणतां, पाण्यांत बुडविलेल्या एखाद्या भुकटीच्या द्वारें करून घ्यावी, असा एक प्रयत्न पन्नासांहून अधिक वर्षें चालला आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हा खटाटोप कशासाठीं, तें आधीं पाहूं. हायड्रोजन म्हटला कीं आपल्याला फुगे किंवा अग्निबाण आठवतात. परंतु त्याचा खरा खप तेलशुद्धीच्या व खतांच्या कारखान्यांत आहे. शेतांत टाकावयाच्या युरियासाठीं अमोनिया लागतो, आणि अमोनियासाठीं हायड्रोजन. हा हायड्रोजन आज जगांत बहुतेक सर्व नैसर्गिक वायु व दगडी कोळसा यांपासून काढला जातो. नैसर्गिक वायूपासून तो एक किलो काढावयाचा म्हणजे नऊ-दहा किलो कार्बन डायॉक्साइड हवेंत सोडावा लागतो. आपल्या ताटांतील पोळीपर्यंत हा धूर असा येऊन पोंचलेला आहे. भारत सरकारनें २०२३ सालच्या जानेवारींत राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. तिच्यासाठीं १९,७४४ कोटि रुपये ठरविले, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन धुरावांचून काढण्याचें उद्दिष्ट पुढें ठेविलें. हा आंकडा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

पाणी फोडण्याची विद्या जुनी आहे. १८०० सालीं निकल्सन व कार्लाइल या दोघां इंग्रजांनीं विजेच्या योगानें पाण्याचे दोन वायु वेगळे केले. उन्हाकडून रासायनिक कामें करून घ्यावीं, ही कल्पना इटलींतील बोलोन्याचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनीं १९१२ सालीं न्यूयॉर्क येथील एका व्याख्यानांत मोठ्या आवेशानें मांडली होती. कोळसा हें साठविलेलें प्राचीन ऊन आहे, तेव्हां आजचें ऊन आपण कां वापरूं नये, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बिनतोड होता; फक्त तें काम करणारा पदार्थ कोणाच्या हातीं आलेला नव्हता.

तो पदार्थ जपानांत हातीं आला. टोकियो विश्वविद्यालयांत केनिची होंडा यांच्या हाताखालीं अकिरा फुजिशिमा हा तरुण विद्यार्थी काम करीत होता. १९६७ च्या सुमारास त्यानें टिटॅनियम डायॉक्साइडचा एक स्फटिक पाण्यांत ठेवून त्यावर तीव्र प्रकाश टाकला, व तारेनें तो प्लॅटिनमच्या तुकड्याशीं जोडला. स्फटिकावर बुडबुडे उठूं लागले, प्लॅटिनमवरहि उठूं लागले. प्रकाश झांकला कीं ते थांबत, पुन्हां सोडला कीं सुरू होत. स्फटिकावरचा वायु प्राणवायु निघाला, प्लॅटिनमवरचा हायड्रोजन. गुरुशिष्यांनीं हें काम १९७२ सालीं ‘नेचर’ या विख्यात साप्ताहिकांत प्रसिद्ध केलें. प्रथम पुष्कळांनीं माना हलविल्या. परंतु पुढच्याच वर्षीं तेलाचे भाव कडाडले, आणि पाणी व ऊन यांवर जळण निघतें म्हणतांच जगाचे कान टवकारले.

आतां त्या स्फटिकांत काय घडलें, तें समजावून घेतलें पाहिजे. कारण पुढील सर्व अडचणी तेथेंच जन्म घेतात. अर्धवाहक या नांवाचा एक पदार्थवर्ग आहे. धातूंतून वीज सहज वाहते, कांचेंतून वाहत नाहीं, हे मधले. अशा पदार्थाचा कण म्हणजे एक दुमजली वाडा आहे अशी कल्पना करा. तळमजल्यावर इलेक्ट्रॉन म्हणजे विद्युत्कण दाटीवाटीनें बसलेले आहेत. हलावयास जागा नाहीं. वर माडी आहे, ती सबंध रिकामी. परंतु या वाड्याला जिनाच नाहीं. वर जावयाचें तर एकाच उडींत गेलें पाहिजे, आणि त्या उडीचें बळ प्रकाश देतो.

प्रकाशहि सुटा सुटा येतो, धारेसारखा नव्हे. त्याच्या प्रत्येक कणाचें बळ त्याच्या रंगाप्रमाणें ठरलेलें असतें. तांबड्याचें कमी, जांभळ्याचें अधिक, आणि जांभळ्याच्याहि पलीकडे जो डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश, त्याचें त्याहून अधिक. हें बळ इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापानें मोजतात. तांबड्याचें पावणेदोनच्या आसपास, जांभळ्याचें तीनच्या. माडीची उंची तीन असली तर तांबडा प्रकाश कितीहि ओता, एकहि विद्युत्कण वर जाणार नाहीं. दोन तांबड्या कणांनीं मिळून एकाला वर ढकलावें, अशी सोय या वाड्यांत नाहीं. उलट बळ गरजेहून जास्त असेल, तर जादा भाग उष्णता होऊन वायां जातो.

विद्युत्कण वर गेला कीं तळमजल्यावर त्याची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा मोठी हांवरी असते. ती मिळेल तेथून विद्युत्कण ओढूं पाहते. कण पाण्यांत बुडालेला असेल, तर ती पाण्याकडूनच तो हिसकावून घेते, आणि पाण्यांतला प्राणवायु सुटा होतो. वर माडीवर गेलेला विद्युत्कण पाण्यांतील हायड्रोजनच्या अंशाला जाऊन मिळतो, आणि अशा दोघांचा मिळून हायड्रोजनचा एक रेणु बनतो. मात्र हें घडण्यास दोन्ही मजल्यांची पातळी पाण्याशीं जमली पाहिजे. तळमजला पुरेसा खोल हवा, म्हणजे पाण्याकडून ओढून घेण्याचा जोर येतो. माडी पुरेशी उंच हवी, म्हणजे तेथून हायड्रोजनकडे उतरतां येतें. हिशेबानें ही उंची निदान १.२३ हवी. प्रत्यक्षांत वाटेंतील तूट धरून एकाच भुकटीकडून दोन्ही कामें करून घ्यावयाचीं तर ती दोनच्या घरांत जाते.

फुजिशिमांचा टिटॅनियम डायॉक्साइड ह्या परीक्षेंत उतरतो, आणि तो आपल्या घरांतलाच आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगांत तोच असतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत इल्मेनाइट नांवाचें जें खनिज सांपडतें, त्यांत टिटॅनियम असतें. उन्हांत वर्षानुवर्षें राहिलेल्या पांढऱ्या रंगावर हात फिरविला तर हाताला पांढरी धूळ लागते, हें आपण पाहिलें असेल. ती पुष्कळ अंशीं याच प्रकाशक्रियेची करणी. रंगद्रव्याचे कण उन्हांत स्वतःभोंवतालच्या तेलालाच खात सुटतात. म्हणून रंगवाले त्या कणांवर सिलिका किंवा अॅल्युमिना यांचें पातळ कवच चढवितात. रंगवाल्याची जी डोकेदुखी, तीच आमच्या संशोधकाची आशा!

पण ही भुकटी पांढरी आहे, यांतच तिचा दोष आला. पांढरी दिसते याचा अर्थ डोळ्यांना दिसणारा सगळा प्रकाश ती परत फेकते. तिची माडी तीनच्या वर आहे. तिला फक्त अतिनील किरण चालतात, आणि जमिनीवर पोंचणाऱ्या उन्हांतील शक्तींत त्यांचा वांटा चार-पांच टक्क्यांचाच. म्हणजे शंभर रुपयांचें ऊन तिच्या दारीं आलें तर पंचाण्णव रुपये ती उंबऱ्यावरूनच परत करते.

मग माडी कमी उंचीची असलेला रंगीत पदार्थ कां घेऊं नये? पुष्कळ घेऊन पाहिले. चित्रकार जो पिवळा कॅडमियम रंग वापरतात, त्यांतील कॅडमियम सल्फाइडची उंची २.४ असून मजल्यांची पातळीहि पाण्याशीं जमते. परंतु त्याची ती हांवरी रिकामी जागा पाण्याकडे न जातां आपल्याच घरांतील गंधक ओरबाडते. कण विरघळूं लागतो, आणि कॅडमियमसारखें विष पाण्यांत उतरतें. लोखंडाचा गंज स्वस्त, निरुपद्रवी व उन्हांत टिकणारा. त्याची उंची दोनच्या थोडी वर. पण त्याचा सबंध वाडाच खालीं खचलेला, त्यामुळें माडी हायड्रोजनपर्यंत पोंचत नाहीं. सिलिकॉनची उंची ती अवघी १.१. स्थळ सर्व बाजूंनीं जुळलें आणि पत्रिकेंत अडलें, असा अनुभव येथें वारंवार येतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. वर गेलेला विद्युत्कण बहुधा पाण्यापर्यंत जातच नाहीं. डोळ्याचें पातें लवण्याच्या फार आधीं तो खालच्या एखाद्या रिकाम्या जागेंत परत उडी घेतो, आणि प्रकाशानें केलेले श्रम उष्णता होऊन जातात. त्यांना एकमेकांपासून दूर नेण्याकरितां कणाच्या पृष्ठावर दुसऱ्या धातूंचे बारीक ठिपके बसवितात. येथें काझुनारी दोमेन या जपानी शास्त्रज्ञांचें नांव घेतलें पाहिजे. १९८० सालीं स्ट्रॉन्शियम टिटॅनेट या भुकटीवर ज्यांनीं पाण्याची वाफ फोडून दाखविली त्यांत ते होते, आणि चाळीस वर्षांनींहि ते त्याच भुकटीपाशीं बसलेले होते. संशोधन म्हणजे एका रात्रींत दृष्टांत होणें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा चाळीस वर्षांचा हिशेब पाहावा.

२०२० सालीं दोमेन व त्यांचे सहकारी यांनीं जें साधलें तें खरोखर सुरेख होतें. त्यांनीं या भुकटींत थोडें अॅल्युमिनियम मिसळून तिचे नेटके पैलूदार स्फटिक बनविले. अशा स्फटिकांत विद्युत्कण कांहीं पैलूंकडे व रिकाम्या जागा दुसऱ्या पैलूंकडे आपोआप ओढल्या जातात. विद्युत्कणांच्या पैलूवर त्यांनीं ऱ्होडियमचे ठिपके बसविले आणि त्यांवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा चढविला. नाहीं तर मोकळा झालेला प्राणवायु तेथें येऊन हायड्रोजनशीं पुन्हां लग्न लावतो व केलेल्या कामाचें पुन्हां पाणी होतें. दुसऱ्या पैलूवर कोबाल्टचें संयुग बसविलें. यांतील मौज ही कीं, कोणता ठिपका कोठें बसवावा हें प्रकाशाकडूनच करवून घेतलें. जेथें विद्युत्कण येतात तेथेंच ऱ्होडियम जमलें. या भुकटीवर ३५० ते ३६० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे, म्हणजे अतिनील किरणांचे, शंभर कण टाकले तर त्यांतील सुमारें शहाण्णव कामास लागले.

शहाण्णव टक्के! वर्तमानपत्रांत हाच आंकडा येतो, आणि घोंटाळा येथेंच होतो. हे शहाण्णव त्या एका अदृश्य रंगापुरते आहेत. सबंध उन्हाच्या मानानें ह्या जातीची भुकटी, एकहि किरण न दवडतां चालली तरी, दोन टक्क्यांपर्यंत पोंचणें कठीण. याच मंडळींनीं तिचे तक्ते करून टोकियोच्या ईशान्येस इबाराकी प्रांतांत काकिओका येथें उघड्या मैदानावर १०० चौरस मीटरांची मांडणी उभारली. हातभर रुंदीचेहि नव्हेत असे १६०० तक्ते. भुकटीचा थर काचेवर, आणि पाण्यासाठीं ठेवलेली फट अवघ्या दहांश मिलिमीटरची. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें कीं, उन्हांतील शक्तीचा हायड्रोजनमध्यें उतरलेला भाग जास्तींत जास्त ०.७६ टक्के होता. शहाण्णव आणि पाऊण, दोन्ही आंकडे खरे आहेत, आणि दोन्ही एकाच भुकटीचे आहेत.

पाऊण टक्का म्हणजे किती, तें स्वयंपाकघराच्या भाषेंत सांगतों. आपल्याकडे चांगल्या दिवशीं एका चौरस मीटरावर सुमारें पांच युनिट ऊन पडतें. युनिट म्हणजे विजेच्या बिलांतलेंच. शंभर चौरस मीटरांवर पांचशें युनिट. त्यांचे ०.७६ टक्के म्हणजे पावणेचार युनिटांच्या आसपास, आणि हायड्रोजनच्या वजनांत सांगावयाचें तर सव्वाशें ग्रॅमहि नाहीं. घरगुती गॅसच्या १४.२ किलोंच्या टांकींत सुमारें १८० युनिटांची उष्णता असते. तेव्हां त्या सबंध मांडणीला एका टांकीची बरोबरी करण्यास दीड महिन्याचें स्वच्छ ऊन हवें. आतां मघांचे ५० लाख टन घ्या. वर्षांतले तीनशें दिवस असें ऊन मिळेल असें धरून, पाऊण टक्क्यानें तेवढा हायड्रोजन काढावयाचा तर साडेचौदा हजार चौरस किलोमीटर जमीन झांकावी लागेल. सबंध पुणें जिल्हा याहून थोडाच मोठा आहे. दहा टक्के साधले तर हेंच काम अकराशें चौरस किलोमीटरांत होतें. एवढ्यासाठीं एकेक टक्क्याला जीव टाकावा लागतो.

अशा बातम्यांत आणखी एक खांच असते. पुष्कळ प्रयोगांत पाण्यांत मिथेनॉलसारखा एखादा पदार्थ मिसळलेला असतो. ती हांवरी रिकामी जागा पाण्याऐवजीं त्यालाच खाऊन तृप्त होते, अवघड अर्धें काम टळतें, आणि हायड्रोजन भराभर निघतो. भुकटीची चांचणी घेण्यास ही रीत योग्य आहे, आणि जाणते संशोधक ती उघड सांगतात. पण तिला पाण्याचें विघटन म्हणतां येत नाहीं, कारण तेथें मिथेनॉल खर्ची पडतें. ओळखण्याची खूण साधी आहे. हायड्रोजन दोन भाग आणि प्राणवायु एक भाग, या प्रमाणांत दोन्ही वायु निघाले कीं नाहीं, एवढेंच विचारावें. प्राणवायूचा उल्लेखच नसेल तर समजून घ्यावें.

पण दोन्ही वायु निघाले कीं वेगळीच काळजी सुरू होते. विजेनें पाणी फोडतांना ते दोन टोकांना वेगवेगळे निघतात. भुकटीवर मात्र ते एकाच कणाच्या दोन अंगांनीं, एकत्र मिसळून वर येतात. दोनास एक या प्रमाणांतील हें मिश्रण म्हणजे दारूगोळाच. शाळेंत परीक्षानळीच्या तोंडाशीं काडी नेल्यावर जो फट् आवाज होतो, त्यावरून मैदानभर पसरलेल्या नळ्यांची कल्पना करावी. काकिओकाच्या मंडळींनीं फट बारीक ठेवली तिचें एक कारण हेंच. अरुंद जागेंत ज्वाला पसरूं शकत नाहीं. त्यांनीं मुद्दाम ठिणगी पाडूनहि पाहिलें, आणि मांडणीला इजा झाली नाहीं. पुढें हें मिश्रण पॉलिइमाइडच्या पातळ पडद्यांतून नेऊन त्यांतला हायड्रोजन गाळून घेतला. माझ्या मतें त्या पाऊण टक्क्यापेक्षां हें काम मोठें आहे. भुकटी पुढें बदलतां येईल. पण मिश्रण हाताळतांच येत नसतें तर सारा मार्गच बंद झाला असता.

अमेरिकेंत मिशिगन विश्वविद्यालयांत २०२३ सालीं वेगळी वाट धरली गेली. तेथें झेटियान मी यांच्या मंडळीनें इंडियम-गॅलियम नायट्राइडच्या अतिसूक्ष्म तारांवर भिंगानें एकवटलेलें ऊन पाडलें, आणि पाणी ७० अंशांपर्यंत तापूं दिलें. त्या उष्णतेंत दोन वायूंचें पुन्हां पाणी होण्याची क्रिया दबते. प्रयोगशाळेंत ९.२ टक्के आले, बाहेरच्या नैसर्गिक उन्हांत ६.२. उन्हांतील जी उष्णता आजवर वायां जात होती ती कामास लावली, हें यांतील शहाणपण. मात्र त्या तारा बनविण्याची कला खर्चाची आहे, आणि भिंगें सूर्याबरोबर फिरवावीं लागतात.

येथें चतुर श्रोता विचारील कीं, छपरावर विजेचे तक्ते बसवावे आणि त्या विजेनें पाणी फोडावें, हा सरळ मार्ग असतां ही यातायात कशाला? प्रश्न रास्त आहे. तक्ता उन्हांतील वीस टक्के शक्तीची वीज करतो. एक किलो हायड्रोजनला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते, आणि त्या किलोंत तेहेतीस युनिटांची उष्णता असते. हिशेब बारा-तेरा टक्क्यांवर येतो, आणि हा मार्ग आज प्रत्यक्ष चालू आहे. भुकटीला त्याच्याशीं टक्केवारींत झुंजावयाचें नाहीं. तिचा दावा स्वस्ताईचा आहे. काच, भुकटी, पाणी आणि नळ्या, एवढाच संसार. जाणत्या लोकांच्या मतें ती पांच ते दहा टक्क्यांवर आली आणि वर्षानुवर्षें उन्हांत टिकली, तर तिचा विचार करतां येईल. आज कोणी मला आपल्या छपरासाठीं सल्ला विचारला तर मी विजेचेच तक्ते सांगेन.

दरम्यान भुकटीचा रंग बदलूं लागला आहे. पानांत प्रकाशाचें काम दोन टप्प्यांत होतें. तसें दोन वेगळ्या भुकट्यांना वांटून देऊन, एकीनें प्राणवायु काढावा व दुसरीनें हायड्रोजन, असा प्रयोग दोमेन यांच्या मंडळीनें २०१६ सालीं करून एक टक्क्याच्या थोडी वर मजल मारली. त्यांतली एक भुकटी बिस्मथ व्हॅनेडेटची, म्हणजे पिवळीधमक. टिटॅनियमच्या संयुगांतील प्राणवायूचा कांहीं भाग काढून तेथें नायट्रोजन किंवा गंधक बसविला कीं तळमजला वर सरकतो, माडीची उंची दोनच्या जवळ येते, आणि भुकटी नारिंगी किंवा तांबूस दिसूं लागते. असल्या एका गंधकयुक्त भुकटीनें २०१९ सालीं दिसणाऱ्या प्रकाशांत, कॅडमियमच्या भुकटीसारखी स्वतःला न खातां, दोन्ही वायु दिले. दिले ते फारच थोडे, शंभरांत एकाच्याहि खालीं; कारण पांढऱ्या भुकटीला चाळीस वर्षांनीं साधलेली पैलूंची आणि ठिपक्यांची ती नेटकी घडण या नारिंगी कणांना अजून यावयाची आहे.